२,१४,७४,८३,६४७ ही मूळ संख्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही संख्या वाचायची कशी, आणि ती येते कुठून?

दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. एकतीस वेळा २ मांडून त्यांचा गुणाकार करा आणि उत्तरातून एक वजा करा, की ही संख्या मिळते. थोडक्यात २^३१ − १. या पानावर ^ ही खूण सगळीकडे घातांकासाठी वापरली आहे.

१ आणि ती स्वतः सोडून तिला दुसरा विभाजक नाही. २, ३, ५, ७ अशा मूळ संख्या ओळीने मोजत गेलात तर हिचा क्रमांक १०,५०,९७,५६५ वा लागतो. दोनच्या घातापेक्षा एकने कमी असलेल्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. त्या कुळात ही आठवी. आधीच्या सात अशा: ३, ७, ३१, १२७, ८१९१, १,३१,०७१ आणि ५,२४,२८७.

दहा अंकी मूळ संख्या तर कोट्यवधी आहेत. हिचंच एवढं कौतुक कशाला?

कारण हिच्याबद्दल जे जे सांगता येतं ते जवळपास सगळं तिच्या घडणीतून निघतं. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, ती लिहिली तर ओळीने एकतीस एकं येतात, मध्ये एकही शून्य नाही. या एका गोष्टीमुळे ती मूळ आहे हे संगणक नसताना, कागदावर सिद्ध करता आलं. याच गोष्टीमुळे तिच्यापासून परिपूर्ण संख्या तयार होते आणि तिने भागून बाकी काढायला खरा भागाकार करावाच लागत नाही. दहा अंकी दुसरी एखादी मूळ संख्या उचलली तर तिच्याबद्दल बहुतेक वेळा "ती मूळ आहे" यापलीकडे बोलायला फारसं काही नसतं.

ती मूळ आहे हे पहिल्यांदा कोणी सिद्ध केलं?

गणिती लिओनार्ड ऑयलर यांनी. १७७२ मध्ये योहान बर्नूली (तिसरे) यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे कळवलं. ऑयलर तेव्हा सेंट पीटर्सबर्गमध्ये होते, वय पासष्ट. एक डोळा तरुणपणीच अधू झाला होता आणि एव्हाना दुसऱ्याचीही दृष्टी जवळजवळ गेली होती. मोठमोठे हिशेब ते मनात करत आणि मदतनिसांकडून लिहून घेत. त्यानंतरची ऐंशी-नव्वद वर्षं यापेक्षा मोठी मूळ संख्या कोणाच्या हाती लागली नाही.

त्याच्या कितीतरी आधी, १६४४ मध्ये, पॅरिसमधले धर्मगुरू मरँ मर्सेन यांनी २५७ पर्यंतच्या कोणत्या घातांकांना २^प − १ मूळ येते याची यादी दिली होती. तीत ३१ होता. पण मर्सेन यांनी सिद्धता दिली नव्हती, आणि ती यादी पुढे चुकीची ठरली: ६७ आणि २५७ हे घातांक तीत नको होते, ६१, ८९ आणि १०७ हवे होते, ते नव्हते. म्हणून ३१ चं श्रेय ऑयलर यांचंच.

एवढ्या मोठ्या संख्येला हाताने किती भागाकार करावे लागले असतील?

माझ्या मते या संख्येबद्दल समजून घेण्यासारखं सगळ्यात सुंदर असं काही असेल तर ते इथे आहे. म्हणून हे उत्तर लांबलं तरी पूर्ण वाचा, शक्यतो कागद-पेन घेऊन.

सरळ रस्ता असा. संख्या संयुक्त असेल तर तिचा एक तरी मूळ अवयव तिच्या वर्गमूळाच्या आत सापडलाच पाहिजे. आपल्या संख्येचं वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित वर आहे. ४६,३४० पर्यंत ४,७९२ मूळ संख्या आहेत. त्या प्रत्येकीने भागून पाहायचं म्हटलं तर माणूस महिनोन्‌महिने बसेल.

ऑयलर यांनी आधी वेगळाच प्रश्न विचारला: या संख्येला विभाजक असलाच, तर तो दिसेल कसा?

समजा क ही मूळ संख्या २^३१ − १ ला निःशेष भागते. म्हणजे २^३१ ला क ने भागलं तर बाकी १ उरते. आता २, ४, ८, १६ असे दोनचे घात घेऊन प्रत्येकाला क ने भागत गेलं, तर १ ही बाकी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येते. ३१ व्या घाताला ती येते, म्हणजे ते अंतर ३१ चा विभाजक असणार. ३१ स्वतः मूळ, तेव्हा अंतर १ तरी असेल किंवा ३१. एक असणं शक्य नाही, कारण मग २ ला क ने भागून बाकी १ उरायला हवी. म्हणून अंतर ३१. फर्मा यांचं छोटं प्रमेय सांगतं की (क − १) व्या घातालाही बाकी १ येते. म्हणजे क − १ ही संख्या ३१ च्या पटीत आहे. क विषम असल्यामुळे क − १ सम आहे, म्हणून ती थेट ६२ च्या पटीत.

दुसरी अट आणखी नाजूक आहे. २^३१ ची बाकी १, तर २^३२ ची बाकी २. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग. म्हणजे क ने भागल्यावर एका वर्गाची बाकी २ उरते. असं फक्त अशाच विषम मूळ संख्यांच्या बाबतीत होतं, ज्यांना ८ ने भागलं तर बाकी १ किंवा ७ येते.

दोन्ही अटी एकत्र केल्या की क चं रूप पक्कं होतं: त्याला २४८ ने भागलं तर बाकी १ किंवा ६३ असलीच पाहिजे, दुसरी चालणार नाही. ४६,३४० पर्यंत या चाळणीतून फक्त ८४ मूळ संख्या खाली उतरतात. चार हजार सातशे ब्याण्णवांवरून चौऱ्याऐंशीवर! हे भागाकार कोणीही धीराने बसून पूर्ण करू शकतो.

त्या ८४ पैकी एखादा भागाकार करून दाखवाल का?

जरूर. यादीतली पहिली संख्या ३११. दहा अंकी संख्येला हात लावायची गरजच नाही, दोनच्या घातांच्या बाक्या पुरतात. २^१५ म्हणजे ३२,७६८. त्याला ३११ ने भागलं की बाकी ११३. २^१६ ची बाकी त्याच्या दुप्पट, २२६. दोन्हींचा गुणाकार २५,५३८, आणि त्याची बाकी ३६. ही झाली २^३१ ची बाकी. त्यातून एक वजा केला की ३५. शून्य आलं नाही, तेव्हा ३११ बाद.

त्याहून गोड उदाहरण १,४८९ चं. ३२,७६८ ला १,४८९ ने भागलं की भाग बावीस जातो आणि बाकी बरोबर १० उरते. मग २^१६ ची बाकी २०, दोन्हींचा गुणाकार २००, एक वजा करून १९९. तोंडी होतो हा हिशेब. यादीतली तिसरी संख्याही बाद. (दुसरी १,३०३. तिची बाकी २२६ येते, पडताळून पाहा.)

घातांक मूळ असला की २^प − १ मूळ असतेच ना?

नाही. सगळ्यात लहान अपवाद ११ चा: २^११ − १ = २,०४७ = २३ × ८९. उलट बाजू मात्र खरी आहे. घातांक संयुक्त असेल तर संख्याही संयुक्तच असते. उदाहरणार्थ, १५ ला ३ आणि ५ ने भाग जातो, म्हणून २^१५ − १ ला ७ आणि ३१ या दोघांनीही भाग जातो.

मर्सेन यांच्या यादीतल्या ६७ चंही असंच झालं. २^६७ − १ संयुक्त आहे हे एदुआर लुकास यांनी १८७६ मध्ये दाखवलं होतं, पण अवयव कोणालाच माहीत नव्हते. अमेरिकेतले फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये ते शोधून काढले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७.

भागाकार न करता मूळपणा ठरवता येतो का?

मर्सेन संख्यांसाठी येतो. लुकास यांनी ही पद्धत सुरू केली आणि डी. एच. लेमर यांनी तिला आजचं रूप दिलं. ४ पासून सुरुवात करायची. दर वेळी हातातल्या संख्येचा वर्ग करून २ वजा करायचे आणि २^प − १ ने भागून बाकी ठेवायची. असं (प − २) वेळा करून शेवटी शून्य उरलं तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त.

प = ५ घेऊ, म्हणजे संख्या ३१. चारचा वर्ग वजा दोन, १४. चौदाचा वर्ग वजा दोन, १९४, त्याची बाकी ८. आठचा वर्ग वजा दोन, ६२, त्याची बाकी शून्य. तीन पायऱ्यांत निकाल. २^३१ − १ साठी अशा एकोणतीस पायऱ्या लागतात, म्हणजे ऑयलर यांच्या ८४ भागाकारांहूनही कमी. मात्र इथे दर पायरीला दहा अंकी संख्यांचे वर्ग करावे लागतात. आजही अजस्र मर्सेन संख्या याच चाचणीने पक्क्या केल्या जातात.

कोणत्याही आकाराची, कोणत्याही रूपाची संख्या मूळ आहे का हे खात्रीने आणि तत्त्वतः झटपट ठरवणारी पद्धत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. आपल्या देशात झालेल्या गणितातल्या मोठ्या कामांपैकी हे एक. प्रत्यक्ष मोजणीत मर्सेन संख्यांसाठी लुकास-लेमर चाचणीच पुष्कळ वेगवान पडते.

परिपूर्ण संख्येशी हिचा काय संबंध?

स्वतःला सोडून बाकीच्या सगळ्या विभाजकांची बेरीज जिची तिलाच येते ती परिपूर्ण संख्या. ६ = १ + २ + ३. पुढची २८. युक्लिडच्या काळापासून माहीत आहे की २^प − १ मूळ असेल तर तिला २^(प−१) ने गुणल्यावर परिपूर्ण संख्या मिळते. प्रत्येक सम परिपूर्ण संख्या अशीच असते, ही उलट बाजू ऑयलर यांनी सिद्ध केली.

आपल्या संख्येला २^३० ने गुणलं की आठवी परिपूर्ण संख्या येते: २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८. एकूण १९ अंक. हीच संख्या दुसऱ्या वाटेनेही मिळते. १ पासून २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच्या सगळ्या संख्यांची बेरीज करा, बरोबर एवढीच येते.

इंग्लंडचे पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये या परिपूर्ण संख्येबद्दल लिहिलं की हिच्यापेक्षा मोठी कधी सापडणार नाही, कारण या संख्या केवळ कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, तेव्हा पुढची शोधायच्या भानगडीत कोणी पडेल असं वाटत नाही. १८८३ मध्ये इव्हान पर्वूशिन या रशियन धर्मगुरूंनी २^६१ − १ मूळ असल्याचं दाखवलं आणि नववी परिपूर्ण संख्या मिळाली. उपयोग नसला तरी माणसं शोधतात, आणि मला वाटतं तेच योग्य आहे.

हीच संख्या संगणकात जिथे तिथे का दिसते?

बिट म्हणजे ० किंवा १ ठेवायची एक जागा. अशा ३२ बिटांत धन-ऋण पूर्णांक ठेवायचे तर एक बिट चिन्हासाठी जातो आणि एकतीस उरतात. एकतीसही बिट १ असले की होणारी सगळ्यात मोठी संख्या हीच. तिच्यात एक मिळवला की बहुतेक यंत्रांवर उत्तर −२,१४,७४,८३,६४८ येतं.

२०१४ च्या डिसेंबरात दक्षिण कोरियातल्या एका गायकाच्या गाण्याची यूट्यूबवरची दर्शकसंख्या या मर्यादेपलीकडे गेली, आणि यूट्यूबने आपला मोजणीचा आकडा ६४ बिटांचा केल्याचं जाहीर केलं.

म्हणजे संगणकासाठी मुद्दाम मूळ संख्या निवडली का?

नाही, हा निव्वळ योगायोग. संगणकाने दोनचे घात निवडले, आणि ३१ हा घातांक नशिबाने चांगला निघाला. १६ बिटांची मर्यादा ३२,७६७ आहे, आणि ती ७ × ३१ × १५१. ६४ बिटांची २^६३ − १ हीसुद्धा संयुक्त, कारण ६३ संयुक्त. ८ बिटांची १२७ मात्र मूळ आहे. चिन्हाशिवाय ३२ बिट वापरले तर मर्यादा ४,२९,४९,६७,२९५, आणि तिचे अवयव ३, ५, १७, २५७, ६५,५३७.

२०३८ ची अडचण ती हीच?

होय. युनिक्स या संगणक प्रणालीत वेळ १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून सेकंदांत मोजतात. ही मोजणी ३२ बिटांत ठेवणाऱ्या यंत्रांवर ती २,१४,७४,८३,६४७ ला पोचेल तेव्हा भारतात १९ जानेवारी २०३८, मंगळवार, सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झालेले असतील. पुढच्या सेकंदाला अशा यंत्राची तारीख ग्रीनिच वेळेनुसार १३ डिसेंबर १९०१ वर जाईल. ६४ बिटांची मोजणी वापरणाऱ्या यंत्रांना हा त्रास नाही. जुनी, एकदा बसवून विसरलेली यंत्रं हीच खरी काळजीची जागा.

मी मूळ संख्या तपासणारा प्रोग्राम लिहिला. तो हिला संयुक्त म्हणतो. असं कसं?

हा प्रश्न विद्यार्थ्यांकडून बऱ्याचदा येतो. प्रोग्राममधली अट बहुधा अशी असते: भाजकाचा वर्ग दिलेल्या संख्येएवढा किंवा तिच्याहून लहान आहे तोवर भागत राहा. इतर संख्यांना ती चालते. इथे भाजक ४६,३४१ झाला की त्याचा वर्ग २,१४,७४,८८,२८१ होतो. तो ३२ बिटांत मावत नाही, म्हणून जावासारख्या भाषेत तो उलटून −२,१४,७४,७९,०१५ होतो. ही ऋण संख्या दिलेल्या संख्येहून लहान, म्हणजे अट खरी. पुढेही तेच, कारण ३२ बिटांत मावणारी कोणतीही संख्या आपल्या संख्येपेक्षा मोठी असूच शकत नाही. फेरी थांबत नाही, भाजक वाढत वाढत खुद्द २,१४,७४,८३,६४७ ला पोचतो, भाग निःशेष जातो आणि प्रोग्राम "संयुक्त" असं सांगून मोकळा होतो.

उपाय साधा आहे. वर्ग करूच नका. संख्येला भाजकाने भागून आलेला भागाकार भाजकापेक्षा लहान झाला की थांबा. किंवा वर्ग ६४ बिटांत करा. आपला प्रोग्राम या एका संख्येवर चालवून पाहण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी.

यादृच्छिक संख्या तयार करायला ही वापरतात म्हणे?

वापरतात. लेमर यांची कृती अशी: हातातल्या संख्येला १६,८०७ ने गुणा, २^३१ − १ ने भागा, बाकी हीच पुढची संख्या. १६,८०७ हा ७ चा पाचवा घात आहे. ७ ही या मूळ संख्येसाठी आदिम मूळ असल्यामुळे (म्हणजे ७ च्या घातांना तिने भागत गेलं की शून्य सोडून सगळ्या बाक्या येऊन जातात) आणि ५ ने २,१४,७४,८३,६४६ ला भाग जात नसल्यामुळे, १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या बरोबर एकदा येऊन गेल्यावरच चक्र पुन्हा सुरू होतं. १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी ही कृती किमान दर्जा म्हणून सुचवली आणि ती सी++ या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रमाणित ग्रंथालयातही आली. १ पासून सुरुवात केल्यावर दहा हजारावी संख्या १,०४,३६,१८,०६५ आली तर तुमचा प्रोग्राम बरोबर.

इथे संख्येची घडण पुन्हा कामी येते. २^३१ ला आपल्या संख्येने भागलं की बाकी १, म्हणून २^३१ चे जेवढे गठ्ठे असतील तेवढेच एक मिळवायचे, भागाकाराची गरज नाही. क्रमातली दुसरी संख्या २८,२४,७५,२४९. तिला १६,८०७ ने गुणलं की ४७,४७,५६,१५,०९,९४३. यात २^३१ चे २,२१० गठ्ठे, आणि वर १,६२,२६,४७,८६३. दोन्ही मिळवा: १,६२,२६,५०,०७३. हीच तिसरी संख्या.

पासवर्ड किंवा गुप्त किल्ल्यांसाठी मात्र ही कृती वापरू नका. एक संख्या कळली की पुढच्या सगळ्या कळतात.

हिला जुळी मूळ संख्या आहे का?

नाही. दोनने लहान असलेली संख्या ५ वर संपते आणि दोनने मोठी असलेलीला ३ ने भाग जातो. हिच्या अलीकडची मूळ संख्या २,१४,७४,८३,६२९, पलीकडची २,१४,७४,८३,६५९.

बँकेच्या व्यवहारांच्या सुरक्षेत ही वापरतात का?

नाही. आरएसए या संदेश गुप्त ठेवण्याच्या पद्धतीत दोन गुप्त मूळ संख्या लागतात, प्रत्येकी साधारण तीनशे अंकांच्या. ही दहा अंकी, शिवाय जगजाहीर.

सध्याची सगळ्यात मोठी ज्ञात मूळ संख्या कोणती?

तीही याच कुळातली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३,६२,७९,८४१ − १. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. मर्सेन मूळ संख्यांच्या जागतिक शोधप्रकल्पात ल्यूक ड्युरंट यांनी ती शोधली. हा लेख लिहिताना विक्रम तिच्याच नावावर आहे.

३१ मूळ, २^३१ − १ मूळ. मग २ चा २,१४,७४,८३,६४७ वा घात वजा १, तीही मूळ असेल का?

हा मोह अगदी स्वाभाविक आहे, कारण ३१ सुद्धा २^५ − १ च आहे. म्हणजे आपली संख्या मर्सेन संख्येच्या पोटातून निघालेली मर्सेन संख्या. अशा दुहेरी मूळ संख्या आजवर चारच माहीत आहेत: ७, १२७, आपली ही, आणि २^१२७ − १.

पण तुम्ही विचारता ती पुढची पायरी तुटते. त्या संख्येत सुमारे ६४ कोटी ६५ लाख अंक आहेत, आणि तिला २९,५२,५७,५२,६६,२६,०३१ या पंधरा अंकी संख्येने भाग जातो. हा विभाजक १९८३ मध्ये सापडला. ऑयलर यांच्या युक्तिवादाप्रमाणे त्यातून एक वजा केल्यावर उरणारी संख्या आपल्या मूळ संख्येच्या दुपटीच्या पटीत असायला हवी. तशी ती आहे: १,३७,४९० × २,१४,७४,८३,६४७. दुसऱ्या अटीप्रमाणे त्याला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ यायला हवी. शेवटचे तीन अंक ०३१ आहेत, तेव्हा बाकी ७.